काटा उड्या मारतो म्हणजे मीटर बिघडला असं नाही

पावसाळा संपला की बंद ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतात आणि मीटरचे प्रश्न सुरू होतात, यंदाही तसंच झालंय. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या मीटरबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतोय.

प्रश्न : वडिलांची बीएसए आहे, पन्नासच्या दशकातली, मीटर स्मिथ्सचा आहे. स्पीड वाढवला की काटा सलग चढत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो. गॅरेजवाला म्हणतो आतलं सगळं झिजलंय, नवीन मीटर बसवा. खरंच बदलावा लागेल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : अजिबात बदलू नका. तुमचा मीटर क्रोनोमेट्रिक आहे आणि त्याचा काटा असाच चालतो, चांगला असला तरी. त्याच्या आत चक्क घड्याळाचं यंत्र असतं, बॅलन्स व्हील, एस्केपमेंट सगळं, आणि ते साधारण पाऊण सेकंदात केबल (गाडी चालताना फिरून मीटर चालवणारी) किती फिरली ते मोजतं, तेवढा आकडा काट्याला देतं आणि परत नव्याने मोजायला लागतं. म्हणून काटा मोजणी पूर्ण झाली की एकदाच सरकतो, मधल्या वेळात जागचा हलत नाही. एका स्पीडला गाडी धरून बघा, काटा खिळ्यासारखा उभा राहील. लंडनमधल्या क्रिकलवुडच्या स्मिथ्स कारखान्याचे हे मीटर साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक ब्रिटिश मोटरसायकलींवर असायचे, नंतर 1964 च्या आसपास मॅग्नेटिक मीटर आले ज्यात फिरणारं लोहचुंबक आणि त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचा कप असतो, त्यांचा काटा सलग चढतो. आजच्या मेकॅनिकने तेच पाहिलेले असतात त्यामुळे क्रोनोमेट्रिक त्याला बिघडलेला वाटतो.

काळजी कधी करायची, तर एकाच स्पीडला काटा दोन आकड्यांच्या मध्ये नाचत राहिला, किंवा वर जाऊन मध्येच शून्यावर पडला तर. त्यातही मीटर उघडण्याआधी केबल बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो कारण मीटरच्या नावावर खपवलेले निम्मे दोष केबलचे निघतात. आतली तार पूर्ण बाहेर ओढा, फरशीवर सरळ ठेवून एक टोक बोटांनी फिरवा, दुसरं टोक जर झटक्याने फिरत असेल किंवा तार कुठे फरशीवरून उचलली जात असेल तर ती मुडपलेली आहे, नवीन घाला. तार चांगली असेल तर रॉकेलने पुसून पातळसर ग्रीस लावा पण मीटरच्या बाजूचे वरचे सहा इंच कोरडे सोडा. तारेला पीळ असतो, ती फिरताना ग्रीस स्क्रूसारखं वर चढवते आणि ते सरळ मीटरच्या पोटात जातं. केबल बसवताना तिला तीव्र वळण देऊ नका, वळणाची त्रिज्या सहा इंचांपेक्षा कमी नको.

एवढं करूनही काटा नाचत असेल तर आतलं तेल सुकून चिकट झालेलं असणार. मग गॅरेजमध्ये नाही, चावीची घड्याळं उघडणाऱ्या घड्याळजीकडे जा, दादरला, फोर्टला अजून जुनी माणसं बसतात. त्याला मोटरसायकलची माहिती नसली तरी चालेल, यंत्र बघितलं की त्याला कळतं. फक्त दोन गोष्टी बजावून सांगा, काटा स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा नाही आणि स्प्रे मारायचा नाही. धुऊन, वाळवून, फिरणाऱ्या टोकांवर घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, बस.

प्रश्न : माझ्या 1967 च्या ट्रायम्फच्या मीटरमध्ये पावसाळाभर काचेच्या आतून वाफ धरते. सिलिकॉन लावून सगळं बंद करून टाकू का?
– एक वाचक, माहीम

उत्तर : सिलिकॉन नको. पाणी काचेतूनच शिरतं असं नाही, केबल बसते तिथून, बल्बच्या होल्डरमधून आणि ट्रिपचे आकडे शून्य करायच्या नॉबपाशीही शिरतं, तुम्ही वरून बंद केलंत तर आत शिरलेला ओलावा तिथेच अडकेल आणि डायल गंजेल. सिलिकॉनचे काही प्रकार सुकताना आंबट वाफ सोडतात, ती बारीक स्प्रिंगच्या जवळ कशाला न्यायची. समुद्राकाठची हवा आधीच खारी आहे.

गाडीवरून मीटर काढा, होल्डर काढून ठेवा आणि दोनतीन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मग खालचे रबर बघा, ते कडक झालेले असणारच. काचेखालची रबर रिंग बदलायची तर मात्र वरची धातूची रिंग काढावी लागेल, आणि तुमच्या सालच्या मॅग्नेटिक मीटरची रिंग दुमडून बसवलेली असते. तिची कड थोडी थोडी, गोल गोल फिरत उचलायची, एका जागी जोर लावला की क्रोम फुटतो. क्रोनोमेट्रिकवाल्यांचं सोपं, त्यांची रिंग आट्यांवर असते, हेअर ड्रायरने गरम करून रबरी पट्ट्याच्या पान्याने उलटी फिरवली की सुटते.

प्रश्न : चोरबाजारात युद्धाच्या काळातल्या गाडीचा मीटर मिळाला. आकडे पिवळे तपकिरी झालेत, काही ठिकाणी रंगाचे पोपडे आहेत. खरवडून काढून नवीन डायल छापून चिकटवायचा विचार आहे, एक जण करून देतोय. करू का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : खरवडू नका. हे आधी आणि स्पष्ट सांगतो. त्या काळात अंधारात दिसावेत म्हणून काही डायलच्या आकड्यांना आणि काट्यांना रेडियमचा रंग असायचा, नंबरप्लेटवर लावतात ती चमकणारी पट्टी नव्हे, खरं किरणोत्सारी रेडियम. आज तो चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. पण चमकायचं ते रंगात मिसळलेलं झिंक सल्फाइड, ते थकलंय, रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धं प्रमाण व्हायलाच 1600 वर्षं लागतात. काचेआड बंद मीटरपेक्षा खरा धोका त्या रंगाच्या धुळीचा, ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली की त्यातलं काही रेडियम बाहेर निघत नाही, हाडांत जाऊन बसतं. 1920 च्या आसपास अमेरिकेत घड्याळाचे डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायच्या, त्यातल्या कितीतरी जणींचे जबडे सडले आणि जीव गेले. तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर पॉलिश पेपर घेऊन बसाल आणि घरात लहान मुलं असतील, तर मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, हात धुवा आणि किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर असणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. मोजमाप जास्त आलं तर तो उघडायचा नाही, कचऱ्यातही टाकायचा नाही. या विषयाचं नियमन करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं ऑफिस आपल्याच अणुशक्तीनगरला आहे, तिथे विचारा.

आता रेडियम नाही असं निघालं असं धरू. तरीही नवीन डायल छापू नका असंच माझं म्हणणं आहे. छापलेला डायल एकसारखा काळाकुळीत आणि आकडे पांढरेशुभ्र, अक्षरांची जाडी हमखास चुकलेली, आणि शेजारी ऐंशी वर्षांची टाकी, डोळ्याला खटकतंच. जुना डायल फिका असला तरी कारखान्यातून निघाला तोच आहे, तो एकदा पुसला गेला की परत आणता येत नाही. कानकोरण्याचा कापूस डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, पिळून, आधी रिंगच्या आड लपणाऱ्या कडेवर लावून बघा, छपाई हलली नाही तरच पुढे जा. थिनर, पेट्रोल, स्पिरिट, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीच नको, अर्ध्या मिनिटात आकडे कापसावर येतात. आणि मैलांचं रीडिंग शून्य करून घेऊ नका. उघडायच्या आधी त्याचा फोटो काढा, जोडताना तेच आकडे परत लावायला सांगा, कुणीतरी ती गाडी तेवढी चालवली आहे.

प्रश्न : जुन्या बुलेटचा अ‍ॅमीटर (बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणारा) हेडलाइट लावली की मायनसला जातो. अ‍ॅमीटर खराब का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : इंजिन बंद असताना किंवा आयडलिंगला जातोय तर बरोबर दाखवतोय, तेव्हा दिव्याचा करंट बॅटरीतून जातो. 6 व्होल्टवर 30 वॉटचा बल्ब म्हणजे 5 अ‍ॅम्पियर. रेस दिल्यावर काटा मधोमध किंवा थोडा प्लसला यायला हवा, तसा येत नसेल तर चार्जिंग बघा. उलट रेस दिल्यावर मायनस आणि बंद असताना लाइट लावली की प्लस दाखवत असेल तर मागच्या दोन वायरी अदलाबदल झाल्यात, फिरवून लावा. व्हायब्रेशनने तिथले नट सैल होतात, आणि गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्याच दोन टोकांतून जात असल्यामुळे एक वायर निसटली की कॉइल इग्निशनची, म्हणजे बॅटरीच्या करंटवर ठिणगी पाडणारी गाडी भर रस्त्यात बंद पडते. अ‍ॅमीटर चालतो का बघायला त्याला थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका, तो शॉर्टच होतो, मधे बल्ब ठेवा.

प्रश्न : माझ्या ट्रायम्फला दुसऱ्या गाडीचा मॅग्नेटिक मीटर लावलाय. 50 मैलांच्या स्पीडला 80 दाखवतो. दुकानदार म्हणतो किलोमीटरमध्ये असेल.
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : 50 मैल म्हणजे 80 किलोमीटर होतात खरे, त्यामुळे त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण डायलवर एमपीएच लिहिलंय का ते आधी वाचा. तसं असेल तर मीटर चुकीच्या रेशोचा आहे. डायलच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात 1000, 1250, 1600 असा एक आकडा असतो, एका मैलात केबलचे किती फेरे व्हायला हवेत तो. गाडी 1600 फेरे देते आणि मीटर 1000 चा असेल तर 50 चे 80 दिसणारच.

गाडीला किती लागतात ते घरीच काढता येतं. मागच्या चाकावरून ड्राइव्ह आहे ना, मग मीटरकडून केबल सोडा, तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावा, चाक बरोबर सहा वेळा फिरवा आणि बाणाचे फेरे मोजा. एकाला गाडीवर बसवून अ‍ॅक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर इंचात घ्या. 1680 ला फेऱ्यांनी गुणा, इंचांनी भागा. समजा 12 फेरे आणि साडेबारा इंच, तर 1613 येतात, म्हणजे 1600 चा मीटर हवा. तो आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि पुढचा मीटर घेताना डायलवरची धूळ पुसून जुळवून बघा.