धारणेपासून समाधीपर्यंत : एका साधकास पत्र

प्रिय साधकास अनेक उत्तम आशीर्वाद.

ध्यान लागत नाही म्हणून कधी श्वास, कधी ॐकार, तर कधी भ्रूमध्य असे आलंबन, म्हणजे मन टेकवण्याचा आधार, बदलत असल्याचे तू कळवले आहेस. हे बदलणे आधी थांबव, असे मी आग्रहाने सांगेन.

पतंजलींनी योगसूत्रांतील विभूतिपाद या प्रकरणाच्या पहिल्या तीन सूत्रांत क्रमाने लक्षणे दिली आहेत : चित्ताला एका ठिकाणी बांधणे ही धारणा, त्याच ठिकाणी वृत्तीचा एकसारखा प्रवाह चालू राहणे हे ध्यान, आणि त्या ध्यानातच ध्यान करणाऱ्याचे भान मावळून केवळ ध्येय, म्हणजे ध्यानाचा विषय, भासू लागले की ती समाधी. तिन्ही एकाच विषयावर घडल्या तर त्यांना मिळून ‘संयम’ म्हणतात, हे चौथे सूत्र. म्हणजे एकच अभ्यास परिपक्व होत जातो, आणि आलंबन बदलणारा साधक दर वेळी आरंभापाशी परततो.

यांपैकी प्रयत्नाने करता येण्याजोगी आहे ती धारणाच. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात तिच्यासाठी नाभिचक्र, हृदयकमल, नासिकाग्र अशी स्थाने सांगितली आहेत. कोणतेही एक घे, मन सुटले की चिडचिड न करता त्याला तिथेच परत आण, आणि हे परत आणणे म्हणजेच अभ्यास आहे असे समज. ध्यानाला परंपरेने तेलाच्या अखंड धारेची उपमा दिली आहे, पण ती धार ओढून आणता येत नाही. आज ध्यान लागले की नाही हे बसल्या बसल्या तपासत राहणे हाही विक्षेपच होय.

भूमिका, म्हणजे साधनेतील पायरी, हाती न लागणे आणि लागलेली न टिकणे, ही दोन्ही पतंजलींनी नऊ अंतरायांत, म्हणजे योगातील विघ्नांत, गणली आहेत, तेव्हा तुझी अडचण नवी नाही. तिच्यावर उपायही त्यांनी सांगितला आहे : एकतत्त्वाभ्यास, म्हणजे एकाच आलंबनाचा अभ्यास, आणि तोही दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केलेला. प्राणायामाने मन धारणेस योग्य होते, म्हणून तो टाळू नकोस.

प्रकाश, नाद असे काही अनुभवास आले तर त्यांच्या मागे जाऊ नकोस; सिद्धींनाही पतंजली समाधीतील उपसर्गच, म्हणजे अडथळेच, म्हणतात. मला अधिक काळजी वाटते ती सुखद गुंगीची, कारण तिला समाधी समजून अनेक साधक तिथेच रमतात. गुंगीत आलंबन धूसर होते, तर एकाग्रतेत ते अधिकाधिक स्पष्ट होत जाते. एवढी खूण लक्षात ठेव आणि गुंगी आली की पाठीचा कणा ताठ करून पुन्हा धारणेकडे वळ.

तुझा हितचिंतक