जनावरांच्या जुन्या हाडांतल्या नायट्रोजनवरून पूर्वीचा पाऊस खरंच कळतो का?

पाऊस नाही कळत भाऊ, जनावर काय खात होतं ते कळतं. पावसापासून हाडापर्यंत मधे दोन दलाल बसलेत, एक माती अन् दुसरा चारा, आणि दोघंही आपापलं कमिशन कापून घेतात.

तुम्ही लिहिलंय की गिरणा नदीच्या दरडीत जुनी हाडं निघतात, ती लॅबला पाठवून खानदेशातले जुने दुष्काळ शोधता येतील का. याच विषयावर एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझं गाईडशी जाम वाजलं होतं, म्हणून लिहितोय, लांबेल जरा.

नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे, १४ हलका अन् १५ जड, एवढं बीएस्सीला आहात म्हणजे माहीत असणारच. कोरड्या मुलखात जमिनीतला हलका नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, जड मागे राहतो, तो गवतात येतो, आणि गवत खाणाऱ्याच्या हाडात जड-हलक्याच्या प्रमाणाचा आकडा (पुढे नुसतं आकडा म्हणतो) अजून ३ ते ५ प्रति हजाराने चढतो. म्हणजे पाऊस कमी, आकडा जास्त. १९८६ च्या आसपास आफ्रिकेतल्या जनावरांच्या हाडांवरून हे नातं मांडलं गेलं आणि तेव्हा काहींचं म्हणणं होतं की तहानलेलं जनावर पाणी वाचवायला घट्ट लघवी करतं, त्यातून हलका नायट्रोजन बाहेर टाकतं म्हणून हाडात जड साचतो. पण २००६ मधे ऑस्ट्रेलियात कांगारूंची हाडं अन् तिथलंच गवत शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर दोघांचा आकडा पावसाबरोबर सारखाच हलत होता, म्हणजे कांगारूच्या शरीराची यात काही करामत नाही, सगळा खेळ गवताचा. माझं भांडण नेमकं इथेच होतं.

आमच्या गाईडची (नाव नको, माणूस अजून नोकरीत आहे) आयडिया अशी की धुळ्याकडे पाऊस कसाबसा ५००-६०० मिमी, तिकडे सातपुड्यात अक्राणीच्या बाजूला बराच जास्त, तर दोन्हीकडच्या आताच्या गाई-म्हशींची हाडं घ्यायची, पावसासमोर आकडे मांडायचे, सरळ रेघ आली की ती रेघ जुन्या हाडांना लावायची. कागदावर भारी. मी गावोगाव मेलेली जनावरं टाकायच्या जागा धुंडाळत फिरलो, घरी गोण्या आणल्या तर माय दारातच ओरडली, "हाडं घरमा नको आनू रे!", मग त्या गोण्या पूर्ण उन्हाळाभर खळ्यात पडून, येणारा जाणारा विचारतोय काय भो, खताचा कारखाना टाकतोस का. रिझल्ट आले तर रेघ बिघ काही नाही, नुसता सडा. एकाच गावात, एकाच पावसात, दोन म्हशींच्या आकड्यांत ढळढळीत फरक.

मला त्यात आश्चर्य वाटलं नाही कारण मी मालकांना विचारून ठेवलं होतं कोण काय खायचं. एक म्हैस गोठ्यात बांधलेली, सरकीची ढेप, भुईमुगाचा पाला, तुरीचं कुटार. आता भुईमूग-तूर नायट्रोजन हवेतून घेतात आणि कपाशीला घातलेला युरियाही हवेतल्याच नायट्रोजनचा, त्यामुळे तिचा आकडा खाली. दुसरी दिवसभर गावठाणात, उकिरड्याच्या कडेचं गवत आणि शेणखताच्या वावरातला दादर ज्वारीचा कडबा खाणारी, तिचा आकडा वर. कारण शेणखतातूनही हलका अमोनियाच उडतो ना! दुष्काळ आणि उकिरडा, दोघांची सही सारखीच येते हाडावर, हे मी गाईडला बोललो तर ते म्हणाले हे आउटलायर आहेत, म्हणजे रांगेत न बसणारे, काढून टाक. अर्धे सॅम्पल आउटलायर? काय राव! शेवटी रेघ छापली गेली, माझं चाऱ्याचं टेबल गेलं परिशिष्टात, जिथे कुणी कधी जात नाही.

तेव्हापासून पाळीव ढोराच्या हाडावरून पाऊस सांगणारा भेटला की माझं डोकं फिरतं. तुमच्या गिरणेच्याच काठी बहाळ आहे, तापीवर प्रकाशे, दोन्हीकडे उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती मिळाली आहे. म्हणजे माणूस हजारो वर्षांपासून इथे शेती करतोय, ढोरं पाळतोय, आणि जिथे गोठा आहे तिथे शेण आहे. अशा ठिकाणच्या गाईचा आकडा वर दिसला तर आधी शेणखत धरा, मग दुष्काळ.

पाऊस विचारायचाच असेल तर रानच्या जनावराला विचारा, चिंकारा, काळवीट. किंवा आपल्याच चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळालीत, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीची (हो, खानदेशात शहामृग होते, गावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही). त्या कवचात प्रथिनं हाडापेक्षा चांगली टिकतात आणि शहामृगाला कुणी ढेप घातलेली नाही.

आता तुमच्या हाडांचं. १९७२ सारखं एखादं वर्ष त्यात दिसणार नाही, मोठ्या जनावराच्या हाडातलं कोलॅजन (ज्या प्रथिनातून हा आकडा काढतात ते) कित्येक वर्षांची सरासरी असतं. वर्षाच्या आतले चढउतार पाहिजे असतील तर दात घ्या, त्यातलं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला भाग, थराथराने वाढतं. वासराचं हाड नको, दूध पिणाऱ्याचा आकडा आईच्या वर जातो. आणि आपल्या उन्हात, काळ्या मातीत कोलॅजन टिकलेलं असेल याची खात्री नाही, ते टिकलंय का हे त्यातल्या कार्बन-नायट्रोजनच्या प्रमाणावरून बघतात, ते २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं तर तो आकडा फेकून द्या, कितीही सुंदर दिसू दे. दरडीतून सुटून पडलेल्या हाडाचा थर माहीत नाही म्हणजे काळ माहीत नाही, मग पाऊस कुठल्या शतकाचा सांगणार? तरी स्वतः कुदळ घेऊन जाऊ नका, उत्खननाला परवानगी लागते, पुरातत्त्ववाल्यांना कळवा.

पद्धत खोटी आहे असं माझं म्हणणं नाही हं. रानची जनावरं, भरपूर सॅम्पल, एकच जात, सोबत कार्बनचे आकडे, असं असेल तर ओला काळ-कोरडा काळ एवढं ढोबळ निघतं, कांगारूंचं नातं खरंच आहे. फक्त मिलिमीटरमधे पाऊस सांगू नका. आणि प्रोजेक्ट केलाच तर कोण काय खात होतं ते टेबल मेन चॅप्टरमधे टाका, गाईड कितीही म्हणू देत.