कोंक एका दिवसात: क्रम महत्त्वाचा

प्रश्न असा आहे: तुलूझहून गाडीने जाऊन दक्षिण फ्रान्समधलं कोंक, म्हणजे मध्ययुगीन चर्चसाठी प्रसिद्ध असलेलं छोटं गाव, एका दिवसात बघून होईल का? सोबत सत्तरीचे आईवडील आहेत. होईल, पण चर्चचा दरवाजा सकाळी आणि आतला भाग दुपारी असं केलंत तर दोन्हींचा विचका होतो. सगळे नेमकं हेच करतात.

चर्चचं तोंड पश्चिमेला आहे. दारावरचं अर्धगोल शिल्प, म्हणजे टिंपनम, सकाळी सावलीत असतं. म्हणून सकाळी थेट आत जा. खिडक्या फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज यांच्या, १९९४मध्ये बसवलेल्या. एकूण १०४, आणि एकीतही चित्र नाही. पहिल्या पाच मिनिटांत 'ही तर बाथरूमची काच' असंच वाटतं. काच रंगहीन आहे, उजेड जाऊ देते पण आरपार दिसू देत नाही. बाहेरचा प्रकाश बदलला की तिच्यावर कधी निळसर, कधी नारिंगी झाक येते. त्यामुळे एकदा बघून निघू नका, तासाभराने पुन्हा या. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणामार्ग आहे. भिक्षूंच्या प्रार्थनेत व्यत्यय न येता यात्रेकरूंना फिरता यावं म्हणून. खांबांची कोरीव शीर्षं उंचावर आहेत, दुर्बीण न्याच.

दुपारच्या उन्हात चर्चचा खजिना बघा. सांत फ्वा, म्हणजे हे चर्च जिच्या नावाचं आहे ती ख्रिस्ती संत, तिची सोन्याने मढवलेली बसलेली मूर्ती तिथे आहे. आत लाकूड, आणि डोकं उशिराच्या रोमन काळातलं, दुसरीकडून आणून बसवलेलं. अंगावरचे खडे भाविकांनी वाहिलेले. अकराव्या शतकात आँझेचा बेर्नार हा धर्मपंडित इथे आला, तेव्हा त्याला आधी ही चक्क मूर्तिपूजा वाटली. नंतर त्यानेच सांत फ्वाचे चमत्कार लिहून काढले.

तीननंतर टिंपनमसमोर उभे राहा. ख्रिस्ती श्रद्धेतल्या अंतिम न्यायाचा प्रसंग, सव्वाशेच्या आसपास आकृत्या. आपल्या डावीकडे स्वर्ग, उजवीकडे नरक. डावीकडे देवाच्या हातापुढे वाकलेली छोटी सांत फ्वा शोधा. तिच्यामागे कमानींना बेड्या टांगल्या आहेत. सुटका झालेले कैदी नवस फेडल्यासारख्या त्या आणून वाहत. नरकात गळ्यात पैशाची थैली अडकवून फाशी दिलेला कंजूष आहे. आणि कमानीची कड दोन्ही हातांनी धरून वरून डोकावणारे छोटे चेहरे, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. काही ठिकाणी जुना रंगही टिकून आहे.

घरं बघताना दगड ओळखा: पिवळा चुनखडक, तांबडा वालुकाश्म, करडा शिस्ट (पातळ थरांत फुटणारा दगड). चर्चमध्ये तिन्ही आहेत. घरांचा पाया शिस्टचा, वर लाकडी चौकट आणि मधल्या भागात भराव. छपरांवर शिस्टच्याच पातळ फरश्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक.

आता गुडघ्यांचं. गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये लावावी लागते. चर्चपासून दुर्दू नदीवरच्या जुन्या पुलाकडे जाणारी र्‍यू शार्लमाञ ही गल्ली दगडी आणि खड्या उताराची आहे. उतरणं सोपं, चढणं नाही. पाऊस पडून गेला असेल तर ओला दगड निसरडा होतो. त्या दिवशी आईवडिलांना चौकातच बसवा, पूल तुम्ही बघून या. बुटांना रबरी तळ हवेत.

एक रात्र राहता आलं तर उत्तम. बसगाड्या परतल्यावर चौक मोकळा होतो, आणि टिंपनम निवांत बघता येतं.