वाचकांचे प्रश्न : दोन सेकंदांत काय काय घडते?

प्रश्न : अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा विषय निघाला की ख्रिश्चन लेटनर या खेळाडूने केंटकी विद्यापीठाविरुद्ध अखेरच्या क्षणी केलेल्या बास्केटचा उल्लेख हमखास येतो. जेमतेम दोन सेकंद उरलेले असताना एवढे सगळे घडते कसे, आणि अटीतटीच्या सामन्यांतील त्याच्या यशात नशिबाचा वाटा किती? – एक वाचक

उत्तर : आधी घड्याळाचा मुद्दा. सीमारेषेबाहेरून चेंडू आत टाकला जातो तेव्हा घड्याळ थांबलेले असते आणि आतल्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाल्यावरच ते पुढे सरकते. त्यामुळे २८ मार्च १९९२ रोजी फिलाडेल्फियात ड्यूक विद्यापीठाच्या संघातील लेटनरचा सहकारी ग्रँट हिल याने मैदानाच्या एका टोकाहून सुमारे ७५ फूट लांब फेकलेला चेंडू हवेत असेपर्यंत उरलेल्या २.१ सेकंदांतला एक क्षणही खर्च झालेला नव्हता. सामना जादा वेळेत गेला होता आणि केंटकी १०३-१०२ असा पुढे होता. लेटनरने फ्री थ्रोच्या (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या, कोणी न अडवता करायच्या फेकीच्या) रेषेजवळ बास्केटकडे पाठ करून चेंडू झेलला, उजवीकडे जाण्याची हुलकावणी दिली, एकदा ड्रिबल केला (चेंडू जमिनीवर आपटला) आणि डावीकडे वळून चेंडू फेकला. ड्यूक १०४-१०३ असा जिंकला. यातला तो एक ड्रिबल मला सर्वांत बोलका वाटतो, कारण धास्तावलेला खेळाडू चेंडू हाती येताच तो कसाबसा फेकून मोकळा होतो, आणि लेटनरला मात्र आपल्याकडे अजून वेळ आहे याचे भान होते.

हे भान त्याला पहिल्यापासून होते असे मानू नये. १९८९ मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, ॲरिझोनाविरुद्ध ड्यूक दोन गुणांनी मागे असताना अगदी शेवटच्या क्षणी तो फ्री थ्रोसाठी उभा राहिला आणि पहिलाच फेक चुकला. तो सामना ड्यूकने गमावला. पुढच्याच वर्षी कनेटिकटविरुद्ध त्याने सीमारेषेबाहेरून चेंडू स्वतःच सहकाऱ्याकडे टाकला, लगेच परत घेतला आणि ७९-७८ असा सामना जिंकून दिला. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र नेवाडा-लास व्हेगासने ड्यूकचा १०३-७३ असा धुव्वा उडवला. १९९१ च्या उपांत्य फेरीत हाच संघ, त्या हंगामात एकही पराभव न पाहिलेला, पुन्हा समोर आला आणि ७७-७७ अशा बरोबरीत अवघे १२.७ सेकंद उरलेले असताना लेटनरला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आत गेले. दोन वर्षांपूर्वीची ती चूक त्या क्षणी त्याच्या मनात होती की नाही हे तोच जाणे. परंतु त्या रेषेवर उभे राहण्याचे ओझे त्याच्या ओळखीचे झालेले होते, एवढे नक्की म्हणता येईल.

आता नशिबाचा भाग. तो होता, आणि चांगलाच होता. केंटकीचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी चेंडू आत टाकणाऱ्या हिलसमोर कोणालाही उभे केले नाही, त्यामुळे त्याला निवांतपणे नेम धरता आला. त्याच हंगामात वेक फॉरेस्टविरुद्ध अशाच प्रसंगी हिलचा असाच लांब पास हवेत वळला होता आणि डाव फसला होता. शिवाय केंटकीविरुद्धच्याच सामन्यात लेटनरने खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर पाय दिला होता. त्याबद्दल त्याला केवळ टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाची शिक्षा, मिळाला. पंचांनी त्याला बाहेर काढले असते तर अखेरचा पास झेलायला तो मैदानात नसताच. (केंटकीचे चाहते हे अजून विसरलेले नाहीत, आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते.)

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे, बार्सिलोना ऑलिंपिकच्या अमेरिकी संघात एकमेव कॉलेज खेळाडू म्हणून स्थान, आणि नंतर एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधील १३ हंगामांची बरी, पण कॉलेजमधल्या कीर्तीच्या जवळपासही न जाणारी कारकीर्द.

नशिबाचे माप काढताना मात्र त्या संध्याकाळचा आकडाही पाहावा. लेटनरने मैदानातून १० वेळा नेम धरला आणि दहाही वेळा बास्केट झाला. १० फ्री थ्रो घेतले, तेही सगळे आत गेले. जगाला आठवतो तो दहावा नेम, त्याआधीचे नऊ सहसा कोणी सांगत नाही.