पडांगबाईहून पुढच्या बेटावर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बालीला जोडून शेजारचं लोंबोक बेट, लोंबोकलगतची छोटी गिली बेटं, नुसा पेनिदा असं काहीतरी करायचंय अशी पत्रं हल्ली बरीच येतायत, आणि बहुतेक पत्रांत एकच नाव आहे, पडांगबाई. बालीच्या पूर्वेला कारांगआसम जिल्ह्यातलं छोटं बंदर. टेकड्यांच्या मधे वळलेला किनारा, एका बाजूला मोठ्या फेरीचा धक्का, दुसऱ्या बाजूला वाळूवर ओढून ठेवलेल्या रंगीत उलांडीच्या होड्या आणि मधे बॅगा घेऊन धावणारे टूरिस्ट. या वेळचं सदर सगळं याच गावावर.

प्रश्न: ताई, आमचा पाच दिवसांचा बेत आहे. शेवटची रात्र गिली त्रावांगानला काढायची, सकाळच्या बोटीने पडांगबाईला यायचं आणि संध्याकाळचं विमान पकडायचं. एजंट म्हणतो आरामात जमतं. जमेल का?

समुद्राच्या मनात असेल तर जमेल, पण असं बुकिंग मी कोणालाच करू देणार नाही. फास्टबोट दीड-दोन तासांत पोचते हे खरं, पण समुद्र शांत असेल तर, आणि मधे बाली आणि लोंबोक यांच्यामधली लोंबोकची सामुद्रधुनी आहे हे एजंट सांगत नाहीत. पॅसिफिकचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून आपल्या हिंदी महासागरात उतरतं, त्याच्या मुख्य वाटांपैकी ही एक. म्हणजे दक्षिणेकडे ओढणारा प्रवाह, त्यावर रोजची भरती-ओहोटी, आणि जुलै-ऑगस्टमधे आग्नेयेकडून येणारा वारा. पाणी एका दिशेला आणि वारा त्याच्या उलट असला की लाटा उंच आणि एकीला एक लागून येतात, मग छोटी बोट त्यांच्यावर आपटतच जाते, मागच्या सीटवरचे लोक भिजतात आणि निम्म्या जणांच्या हातात पिशव्या असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी पावसाळी वारे, तेव्हाही तीच गत. हवामान खात्याचा इशारा आला की बंदराचे अधिकारी फास्टबोटी बंद ठेवतात आणि ते बरोबरच करतात, पण तुमचं विमान त्यासाठी थांबत नाही ना. त्यात बोटी उशिरा सुटणं नेहमीचंच आणि पडांगबाईहून विमानतळापर्यंत गाडीने दीड तास तरी धरा, ट्रॅफिक लागलं तर जास्तच.

उपाय सोपा आहे, बेत उलटा करा. बालीत उतरलात की एक रात्र आराम, मग लगेच गिली, आणि शेवटचे दोन दिवस बालीत. बोट एक दिवस रखडली तरी तुमचं काही बिघडत नाही.

प्रश्न: आई 70 वर्षांची, गुडघे दुखतात आणि तिला बोटही लागते. फास्टबोट की मोठी फेरी?

मला विचाराल तर दोन्ही नकोत. बालीतल्या देनपसारहून लोंबोकचं विमान अर्ध्या-पाऊण तासात पोचतं, आईंना त्याने न्या. पण त्यांना समुद्रातूनच जायचं असेल तर मोठी फेरी, फास्टबोट नको. फास्टबोटीत चढताना हलत्या कठड्यावरून पाय टाकावा लागतो आणि गिलीच्या बाजूला काही बोटी सरळ वाळूला लागतात, तिथे गुडघाभर पाण्यात उतरायचं. शिवाय गिली बेटांवर मोटारगाड्या नाहीतच, सायकल नाहीतर चिदोमो म्हणजे घोडागाडी.

मोठी फेरी पडांगबाईहून लोंबोकच्या लेंबार बंदराला जाते, दिवसरात्र चालू असते. चार-पाच तास धरा, आणि लेंबारला धक्का मोकळा नसला तर बाहेरच थांबून राहते, किनारा समोर दिसत असतो आणि उतरता येत नाही, तेवढा धीर हवा. पण हा प्रवास मला स्वतःला फार आवडतो. फेरीचा जबडा उघडतो, ट्रक एकेक करून आत, त्यांच्या फटींमधून स्कूटर, खलाशी हाताने इशारे करत एवढ्या जवळ लावून घेतात की दोन ट्रकांमधून माणूस आडवा होऊनच जाईल. वर बाकांवर लोक चपला काढून पाय पसरतात, फेरीवाल्या बायका नासी बुंगकुस म्हणजे कागदात बांधलेला भात, कपातले नूडल्स, केळी, पाणी विकत फिरतात, आणि फळी उचलायची वेळ आली की सगळ्या पटापट खाली उतरतात.

आईंसाठी एवढंच बघा की गाड्यांच्या मजल्यावरून वर जायचा जिना उभा असतो, तेव्हा गर्दीच्या आधी चढवा. जागा बोटीच्या मधल्या भागातली घ्या, तिथे डोलणं कमी. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच द्यायची, मळमळ सुरू झाल्यावर फार उपयोग नाही. आणि धक्क्यावर कोणी बॅग उचलून चालायला लागलं तर लगेच नाही म्हणा, पुढे तो पैसे मागणारच. तिकीट खिडकीवरच काढा, "आजची फेरी बंद आहे, माझ्या गाडीने चला" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकून परत फिरू नका, खिडकीवर जाऊन स्वतः विचारा.

प्रश्न: 2025 मधे बालीजवळ फेरी बुडाल्याची बातमी वाचली, तेव्हापासून घरचे नको म्हणतायत. खरंच एवढी भीती आहे का?

ती फेरी 2 जुलै 2025 च्या रात्री जावाच्या केतापांगहून बालीच्या गिलिमानुकला जात होती, म्हणजे बालीच्या पश्चिमेची सामुद्रधुनी, पडांगबाईची नाही. जेमतेम तासाभराचा प्रवास, तरी माणसं गेली. पडांगबाईहून गिलीला निघालेल्या एका फास्टबोटीतही सप्टेंबर 2016 मधे स्फोट होऊन प्रवासी दगावले होते. त्यामुळे घरच्यांची काळजी खोटी नाही, आणि "काही होत नाही हो" असं मी म्हणणार नाही. रोज हजारो लोक ये-जा करतात हेही तितकंच खरं.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. दिवसाउजेडी जा. तिकीट देताना पूर्ण नाव प्रवाशांच्या यादीत लिहून घेतात का ते बघा, घेत नसतील तर आग्रह धरा, कारण काही झालं तर शोधणाऱ्यांकडे तीच यादी असते. चढल्या चढल्या लाइफ जॅकेट कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा, आणि फास्टबोटीत हातात घ्या, लाजू नका. बाहेर पडायची वाट मोकळी आहे अशीच सीट धरा, बॅगांच्या ढिगामागची नको. बोट डोळ्यांदेखत खचाखच भरत असेल तर उतरून जा, तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

प्रश्न: मी भूगोल शिकवतो. वॉलेस रेषा याच सामुद्रधुनीतून जाते ना? मुलांना नेलं तर दाखवण्यासारखं काही आहे का?

हो सर, आशियाकडचे आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी-पक्षी वेगळे करणारी ही रेषा इथूनच जाते, आणि तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. ज्याच्या नावाची ही रेषा, तो इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस 1856 मधे बालीहून लोंबोकला गेला, तो निघाला बालीच्या उत्तर किनाऱ्यावरून आणि उतरला लोंबोकच्या आम्पेनानला. एवढ्याशा अंतरात पक्षी बदललेले त्याला दिसले, लोंबोकला काकाकुवा होते जे बालीत नव्हते. कारण पाण्याच्या खोलीत आहे. हिमयुगात समुद्र साधारण 120 मीटर खाली गेला तेव्हा बाली, जावा, सुमात्रा हे सगळं आशियाच्या जमिनीला जोडलं गेलं, पण ही सामुद्रधुनी उथळ भागातही 250 मीटरच्या आसपास खोल, त्यामुळे लोंबोकपर्यंत कोरडी वाट कधी झालीच नाही. बालीत विसाव्या शतकापर्यंत वाघ होते, लोंबोकला कधीच नव्हते. माकडं मात्र दोन्हीकडे आहेत, ते मुलांना आधीच सांगा, नाहीतर कोणीतरी हुशार तिथे अडवेल तुम्हाला! ही खोली जहाजांनाही उपयोगी पडते, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाऊ न शकणारी अवाढव्य मालवाहू जहाजं इथून जातात, फेरीच्या डेकवरून एखादं दिसलं तर मुलांना त्याचा आकार फेरीशी ताडून बघायला लावा. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला बालीचा आगुंग आणि दुसऱ्या बाजूला लोंबोकचा 3,726 मीटरचा रिंजानी, दोन्ही ज्वालामुखी एकाच प्रवासात दिसतात.

प्रश्न: मार्चमधे गेलं तर चालेल का?

चालेल, फक्त न्येपीची तारीख आधी बघा. बालीचं शक नववर्ष, आणि शक आपलाच, 2026 मधे त्यांचाही 1948 सुरू झाला. त्या वर्षी न्येपी आणि आपला पाडवा दोन्ही 19 मार्चलाच आले, पण 2024 मधे न्येपी 11 मार्चला होता आणि पाडवा 9 एप्रिलला, म्हणून आपल्या कॅलेंडरवर विसंबू नका. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत सगळं बंद, विमानतळ, पडांगबाईचं बंदर, रस्ते, दिवेसुद्धा, टूरिस्टनेही हॉटेलातच राहायचं. तो दिवस मधे येत असेल तर बालीत शांतपणे अनुभवा, त्या दिवशी बोट पकडायचा बेत करू नका.

प्रश्न: बोटीच्या आधी गावात अर्धा दिवस हातात आहे, आणि आम्ही शाकाहारी.

टेकडीवरच्या सिलायुक्ती मंदिरात जा, अकराव्या शतकातले पुरोहित म्पू कुतुरान इथे राहिले असं मानतात. बालीच्या प्रत्येक गावात ब्रह्मा, विष्णू, शिव यांची तीन मंदिरं असायची पद्धत त्यांच्या नावावर सांगितली जाते. कमरेला सारोंग म्हणजे लुंगीसारखं वस्त्र आणि पट्टा लागतो. पोहायचं असेल तर ब्लू लगूनचा किनारा पायी जवळ आहे, पण प्रवाहाचं भान ठेवा. जेवायला तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तोफू, गाडो-गाडो म्हणजे शेंगदाण्याच्या रश्श्यातल्या भाज्या मिळतात, फक्त सांबल म्हणजे मिरचीच्या चटणीमधे आणि गाडो-गाडोच्या शेंगदाण्याच्या रश्श्यातही तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असू शकते, ऑर्डर देतानाच "तान्पा तेरासी" म्हणजे तेरासी नको, असं म्हणायचं.

प्रश्न: एकटा फिरतो, वेळ भरपूर आहे. पडांगबाईहून फेरीने किती लांब जाता येईल?

मग तुझी मजा आहे! लेंबारला उतर, लोंबोक आडवं पार करून पूर्वेच्या कायांगान बंदराला जा, तिथून फेरीने सुंबावाच्या पोतो तानोला. सुंबावा लांबलचक आहे, बसने अख्खा दिवस घालवायची तयारी ठेव. शेवटी सुंबावाच्या पूर्वेचं सापे बंदर, आणि सापेहून फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजोला, जिथून कोमोडो ड्रॅगनच्या कोमोडो बेटाला बोटी जातात. सापेची फेरी हवामानामुळे रद्द होते, म्हणून तिथे पोचायची तारीख कोणाला कबूल करू नकोस, आणि परतीचं विमान लाबुआन बाजोहून काढ, तेही तिथे पोचल्यावरच.