परतीचं तिकीट सहाव्या दिवसाचं

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची आहे. जुळी मुलं आता सात वर्षांची झाली. दोन वर्षं नेटाने व्यायाम करून १४ किलो वजन उतरवलं, पण पोटाची कातडी लोंबते ती लोंबतेच. अजूनही लोक ‘कितवा महिना?’ विचारतात. परदेशातल्या एका क्लिनिकचं पॅकेज मिळालंय. टमी टक (पोटाची सैल कातडी कापून पोट आवळणं), कमरेचं लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढणं) आणि तीच चरबी नितंबांत भरणं, हॉटेल धरून सहा दिवस, खर्च इथल्या निम्म्याहून कमी. फोटो पाठवले, त्यांनी ‘फिट’ असं कळवलं. शुक्रवारपर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे. नवरा ‘आहेस तशी छान आहेस’ म्हणून विषय संपवतो, म्हणून घरी मैत्रिणींबरोबर सहलीला जाते असं सांगणार आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, दिवसाला दोन-तीन सिगारेटी होतात. जाऊ का?

उत्तर : आधी नवऱ्याच्या त्या वाक्याचं बघू, कारण ते तुम्हाला टोचलंय. जुळ्यांच्या वेळी पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकतात आणि त्यांच्यामधला पडदा ताणून सैल पडतो. व्यायामाने स्नायूंत जोर येतो, काहींची फट थोडी मिटतेही, पण सुटलेली कातडी कुठल्याच व्यायामाने आत जात नाही. तुम्ही कुठे कमी पडला नाहीत आणि हे खूळही नाही. ऑपरेशन करून घ्यावंसं वाटणं रास्त आहे. फक्त या पॅकेजने करू नका.

परदेश म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. चांगले सर्जन सगळीकडे असतात, वाईटही असतात. माझी हरकत तारखांना आहे. टमी टक काही तासांत उरकतं, त्यामागून येणाऱ्या भानगडी मात्र आपापल्या वेळेने येतात. रक्ताची गाठ पहिल्या दिवसांपासून पुढे कित्येक आठवडे होऊ शकते. जखमेची कड काळी पडायची तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पडते, पाणी साचतं ते बहुधा जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी काढल्यावर, आणि काही जंतू तर महिना-दोन महिन्यांनी तोंड वर काढतात. तुमचं विमान सहाव्या दिवशी. यातलं बहुतेक सगळं घरी आल्यावर होणार, आणि ज्याने पोट उघडलं तो माणूस हजारो किलोमीटर लांब असणार.

गाठीचं जरा खोलात सांगते. टमी टकमध्ये फाकलेले स्नायू ओढून शिवतात. पोट आवळलं जातं, आतला दाब वाढतो आणि पायांकडून वर येणारं रक्त मंदावतं. त्यात ऑपरेशननंतर हालचाल कमी, इस्ट्रोजेनची गोळी चालू, वर विमानात तासन्‌तास पाय मुडपून बसणं. पोटरीतली गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते. म्हणून ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस टमी टकनंतर ७ ते १० दिवस विमानात बसू नका म्हणते, अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था सीडीसी पोटाच्या ऑपरेशननंतर निदान १० दिवस सांगते. आणि हे किमान आहे. सोबत लायपोसक्शन असेल तर मी दोन ते तीन आठवडे धरीन. गोळी ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे आधी थांबवावी लागते, तीही डॉक्टरांशी बोलून आणि मधल्या काळात दुसरं साधन वापरून. तुम्हाला ‘फिट’ ठरवणाऱ्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं होतं का?

सिगारेटबद्दलही विचारलं नसावं. या ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी खालून सोडवून वरपर्यंत मोकळी करतात, मग खाली ओढून जादाची कापतात. त्या कातडीच्या बऱ्याच रक्तवाहिन्या तिथेच तुटतात. उरलेल्यांना निकोटिन आवळतं. टाक्याच्या वरचा मधला भाग रक्तपुरवठ्यापासून सगळ्यांत लांब. तो आधी जांभळा होतो, मग काळा पडतो, आणि मग आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग. दिवसाला दोन-तीन म्हणजे काहीच नाही असं मनात आणू नका. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. वेप, निकोटिनचा च्युइंगम, पॅच हेही त्यातच आलं.

आता नितंबांचं. ही जोड तर आजच खोडून टाका. चरबी भरताना नळीचं टोक स्नायूच्या आत गेलं आणि तिथली मोठी शीर फाटली, तर चरबी थेट हृदय-फुफ्फुसांत पोचते आणि माणूस टेबलावरच जाऊ शकतो. एकेकाळी सगळ्या सौंदर्य-शस्त्रक्रियांत याचा मृत्युदर सर्वाधिक मानला गेला. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तो तीन हजारांत एकाच्या आसपास निघाला. त्यानंतर प्लॅस्टिक सर्जनच्या संघटनांनी बजावलं, की चरबी फक्त कातडीखाली भरायची, स्नायूत नाही. आणि घटकाभर धोका बाजूला ठेवला तरी हे पॅकेज करणाऱ्याने झोपायचा विचार केलेला दिसत नाही. टमी टकनंतर पाठीवर, गुडघे वाकवून, उशांना टेकून झोपावं लागतं. नितंबांत चरबी भरल्यावर साधारण दोन आठवडे त्यांच्यावर भार टाकायचा नसतो. म्हणजे पाठीवर टेकायचं नाही आणि पोटावर पालथं पडायचं नाही. शिवाय सहाव्या दिवशी विमानाची खुर्ची!

फोटोवरून ‘फिट’ ठरवणं मला सगळ्यांत खटकलं. जुळ्यांनंतर बेंबीपाशी बारीक हर्निया असणं नवलाचं नाही. तो फोटोत दिसत नाही. उभं करून, बोटं बेंबीवर ठेवून, खोकायला लावलं की हाताला लागतो, शंका आली तर सोनोग्राफी करतात. लक्षात न आलेल्या हर्नियात लायपोसक्शनची नळी गेली तर आतड्याला भोक पडू शकतं. हिमोग्लोबिन, साखर, घरात कुणाला रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का, हे पैसे भरण्याआधी बघायचं असतं. बऱ्याच ठिकाणी सर्जन पहिल्यांदा भेटतो तो ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, हातात मार्कर घेऊन. तोवर पैसे गेलेले असतात आणि ‘नको’ म्हणायला जीभ रेटत नाही.

जंतूंचंही सांगायला हवं. २०१३ आणि २०१४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकला जाऊन ऑपरेशन करून आलेल्या अमेरिकन बायकांत मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस नावाच्या जंतूचा संसर्ग सापडला. वरून बरी दिसणारी जखम आठवड्यांनी लाल होते, गाठी येतात, स्राव सुरू होतो. नेहमीच्या प्रतिजैविकांना तो दाद देत नाही आणि साध्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या चाचणीत, सहज हुकतो. प्रयोगशाळेला त्याची वेगळी चाचणी सांगावी लागते. उपचार महिनोन्‌महिने, एकाहून अधिक औषधांचे. २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात दोन क्लिनिकांमध्ये पाठीच्या कण्यातून भूल दिलेल्या रुग्णांना बुरशीचा मेंदूज्वर झाला, त्यात मृत्यू झाले. म्हणून परतल्यावर जखम चिघळली किंवा डोकेदुखी आणि मान ताठ असा त्रास झाला, तर ‘परदेशात ऑपरेशन झालंय, अशी भूल दिली होती’ हे वाक्य पहिलं बोला.

आणि इथेच तुमच्या सहलीच्या थापेची पंचाईत होते. नवऱ्याची परवानगी घ्या असं मी म्हणत नाही, पोट तुमचं आहे. पण पोटातून एक-दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात, टोकाला रबरी फुगे, ते दिवसातून दोन-तीनदा रिकामे करून किती मिली निघालं ते लिहून ठेवायचं. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की साधारणपणे नळी काढतात, त्याला एक ते दोन आठवडे लागतात. पहिला आठवडाभर कमरेत वाकून चालाल. पाच किलोच्या वरचं काही सहा आठवडे उचलायचं नाही, म्हणजे विमानतळावरची बॅगही नाही. हे लपवणार कसं? आणि रात्री दोन वाजता धाप लागली तर शेजारच्या माणसाला तुमचं ऑपरेशन झाल्याचंच माहीत नसेल. नवरा नको तर बहीण, मैत्रीण, कुणीही एक मोठं माणूस पहिला आठवडा चोवीस तास सोबत हवंच, आणि घरातल्या एकाला खरं ठाऊक हवं. एक पाय सुजणं, पोटरी दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, थुंकीत रक्त, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

हे सगळं वाचूनही परदेशीच करायचं असेल तर निदान हिशेब पुरा मांडा. सहाच्या जागी एकवीस दिवसांचा मुक्काम, सोबतीच्या माणसाचा खर्च, बदलता येणारं तिकीट. नेहमीच्या प्रवासविम्यात ठरवून केलेली सौंदर्य-शस्त्रक्रिया आणि तिची गुंतागुंत बहुतेक वेळा वगळलेली असते, पॉलिसीतलं ते कलम वाचा. दावा लावायचा झाला तर तिथल्या कोर्टात, तिथल्या भाषेत. हे धरल्यावर निम्मा खर्च निम्मा राहतो का बघा. जेसीआय या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेसारखं प्रमाणपत्र हॉस्पिटलचं असतं, सर्जनचं नव्हे. सर्जनचं नाव त्या देशाच्या वैद्यकीय नोंदणीत स्वतः शोधा, आणि नोंद प्लॅस्टिक सर्जरीची आहे की नुसतीच डॉक्टरकीची, ते पाहा. निघण्याआधी जवळच्या एका प्लॅस्टिक सर्जनला भेटा. तपासणी होईल, हर्निया कळेल, आणि परतल्यावर ते बघतील का हेही विचारता येईल. दुसऱ्याचं अर्धं काम हातात घ्यायला पुष्कळ जण नाखूश असतात.

शुक्रवारी पैसे भरू नका. क्लिनिकला एवढं लिहून पाठवा : ‘नितंबांची प्रक्रिया नको. सर्जनचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक कळवा. पैसे भरण्याआधी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायचं आहे. भूल कोण देणार, कोणत्या प्रकारची? रात्री हॉस्पिटलमध्ये ठेवणार की हॉटेलवर पाठवणार? गाठ होऊ नये म्हणून काय देणार, किती दिवस? ऑपरेशनची नोंद, भुलेची नोंद आणि औषधांचे डोस इंग्रजीत लेखी मिळतील ना? बाराव्या दिवशी मला ताप आला तर कोणत्या डॉक्टरने, किती वेळात बघायचं?’