स्ट्रॉबेरीत मावणारी बाजारची पिशवी

फळाच्या आकारात मिटणाऱ्या क्रोशाच्या पिशवीबद्दल बरीच पत्रं आली आहेत, म्हणून यावेळचं सदर तिलाच दिलं आहे. गावोगावी टाक्यांची नावं बदलतात. इथे ‘मुका खांब’ म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरचे दोन्ही वेढे एकदम सोडायचे. ‘खांब’ म्हणजे सुईवर आधी एक वेढा घेऊन मग दोन-दोन वेढे सोडायचे. एका मुक्या खांबापासून दुसऱ्या मुक्या खांबापर्यंत साखळ्यांची जी झोळी तयार होते ती ‘कमान’.

पर्समध्ये कायम राहील अशी पिशवी करायची आहे. कोणतं फळ घ्यावं? दोरा आणि सुई कोणती? – एक वाचक, सांगली

पहिल्यांदाच करत असाल तर स्ट्रॉबेरी घ्या. ती पिशवीचा तळच असते. वेगळा खिसा शिवायचा नाही, चेन लावायची नाही, आणि फळ हरवायची भीती नाही.

दोरा सुतीच हवा. मध्यम जाडीचा, चार पदरी, पीळ घट्ट असलेला. मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणलेला) मिळाला तर उत्तम, त्याला लव कमी येते. अॅक्रिलिकची लोकर स्वस्त आणि रंगीत असते हे खरं, पण ती फुगीर असल्यामुळे घडी मोठी होते आणि वजनाने ताणली की पुन्हा जागेवर येत नाही. टी-शर्टच्या पट्ट्यांचा दोरा या कामाला अजिबात नको. त्याची पिशवी छान होते, पण मिटत नाही. तागाचंही तेच.

लाल ३० ग्रॅम, हिरवा ८० ग्रॅम, बियांसाठी पिवळा किंवा पांढरा थोडासा. ५० ग्रॅमच्या गुंड्या मिळत असतील तर एक लाल, दोन हिरव्या. सुया दोन: फळ, काठ आणि बंदांसाठी २.५ मिमी, जाळीसाठी ३ मिमी. जुन्या पोलादी सुयांवर मिमीऐवजी नंबर असतो आणि तिथे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा.

आधी मुक्या खांबांचा छोटा चौकोन विणून पट्टीने मोजा. १० सेमीत २४ टाके बसले पाहिजेत. २१–२२ बसले तर सुई एक माप लहान घ्या, २६ बसले तर मोठी. पुढचे सगळे आकडे या मापावर आहेत.

पूर्ण नमुना टाक्यांच्या हिशोबासह द्याल का? – वाचक, डोंबिवली

*फळ.* लाल दोरा, २.५ ची सुई. मॅजिक रिंगमध्ये (नंतर ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात) ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरी फेरी साधी. चौथीत एकाआड एक टाक्यात वाढ, १८. पाचवी साधी. असंच एक फेरी वाढीची (दर वेळी ६ टाके), एक साधी. बाविसाव्या फेरीला ७२ टाके होतात. तिथे वाढ थांबवा आणि आणखी १४ फेऱ्या सरळ विणा. एकूण फेऱ्या ३६. फेरी जोडायची नाही, गोगलगायीसारखं फिरत जायचं, म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा. वाढीची जागा दर वेळी एकावर एक आली तर फळ षट्कोनी दिसतं, म्हणून ती दोन-तीन टाके पुढे-मागे सरकवा.

*नाडीची फेरी.* हिरवा दोरा जोडा. टाक्याच्या वरच्या ‘व्ही’मधला फक्त मागचा वेढा उचलायचा, पुढचा मोकळा सोडायचा. ४ साखळ्या (यातल्या ३ म्हणजे पहिला खांब), १ टाका सोडून खांब, १ साखळी, १ टाका सोडून खांब… अशी ३६ घरं होतात. शेवटी तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच (सुई टाक्यात घालून ओढलेला दोरा सुईवरच्या वेढ्यातूनही लगेच काढायचा).

*पानं.* ही आत्ताच करा. जाळी झाली की ती हातात घोटाळते. त्यासाठी चालू गुंडीचा वेढा पिनेत अडकवून ठेवा आणि दुसऱ्या गुंडीचा हिरवा दोरा घ्या. फळ उलटं धरा, टोक वर, म्हणजे पानं आपोआप फळावर पडतील. मोकळ्या सोडलेल्या पुढच्या वेढ्यांत १२ मुके खांब, उलटून १०, मग ८, ६, ४, २. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना दोन टाके एकत्र करायचे. टोकाला पोचलात की पानाच्या कडेने स्लिप स्टिच घालत खाली उतरा आणि पुढच्या १२ वेढ्यांवर दुसरं पान सुरू करा. अशी सहा पानं, दोरा न तोडता.

*जाळी.* पिनेतला वेढा ३ च्या सुईवर घ्या. नाडीच्या प्रत्येक घरात १ मुका खांब आणि मध्ये ५ साखळ्या. ३६ कमानी. पुढे प्रत्येक कमानीत १ मुका खांब, ५ साखळ्या. इथेही फेरी जोडू नका. अशा २५ फेऱ्या, सव्विसावी मात्र ३ साखळ्यांची, म्हणजे तोंड आवळून येतं.

*काठ.* पुन्हा २.५ ची सुई. प्रत्येक कमानीत ३ मुके खांब, एकूण १०८. अशाच साध्या आणखी ३ फेऱ्या.

*बंद.* १७ मुके खांब, १०० साखळ्या, २० टाके सोडा, ३४ मुके खांब, १०० साखळ्या, २० टाके सोडा, १७ मुके खांब. पुढच्या ३ फेऱ्या सगळ्यांवरून, प्रत्येकी २६८ टाके. मग प्रत्येक बंदाच्या आतल्या बाजूने (साखळीचे १०० आणि सोडलेले २०) दोन फेऱ्या घाला, दोन्ही कोपऱ्यांवर दोन टाके एकत्र करत, नाहीतर कोपऱ्यात भोक राहतं. हातात धरायला १०० साखळ्या पुरतात, खांद्याला अडकवायची असेल तर १४० घ्या.

*नाडी.* दुहेरी दोऱ्याची ६० सेमी साखळी घरांतून वर-खाली ओवा आणि दोन्ही टोकं एकाच मण्यातून काढून गाठ मारा.

बिया शेवटी सुईने भरायच्या. एका फेरीत दर ६ टाक्यांवर एक, मग तीन फेऱ्या सोडून पुढची ओळ मधल्या जागांत. आतून लांब धागे ओढत नेऊ नका. कोथिंबिरीच्या काड्या आणि किल्ल्या त्यांतच अडकतात. (आपण ज्यांना बिया म्हणतो ती वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने स्ट्रॉबेरीची खरी फळं आहेत. भरतकामाला त्याने फरक पडत नाही.)

पिशवी झाली, पण फळात बसतच नाही. गुंडाळून कितीही ठासली तरी जाळी बाहेर येते. – वाचक, इंदूर

पिशवी बहुतेक बरोबर आहे, मिटायची पद्धत चुकते आहे. जाळी फळाच्या तोंडालाच जोडलेली असल्यामुळे बाहेरून गुंडाळी केली की तीच तोंड अडवते. गुंडाळायचंच नाही. नाडी पूर्ण सैल करा, एक हात पिशवीत घाला, दोन्ही बंद धरून आतून थेट फळाच्या टोकापर्यंत खाली न्या. मागोमाग काठ आणि जाळी आतल्या आत उलटत येते. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या अंगठ्याने ढकला, मग नाडी ओढा.

तरीही बसत नसेल तर फळ मोजा. तोंडाचा घेर ३० सेमी हवा. घट्ट हाताच्या विणीत ७२ टाके २६–२७ सेमीतच संपतात, आणि घेरात गेलेले तीन सेमी जागेचा पाचवा हिस्सा खातात. उसवायचं नसेल तर पुढच्या वेळी सरळ फेऱ्या १४ च्या १८ करा.

सुरुवातीचा गोल कधी झालरीसारखा लाटा घेतो, कधी वाटीसारखा वळतो. – वाचक, रत्नागिरी

लाटा म्हणजे टाके जास्त, वाटी म्हणजे कमी. मुक्या खांबांचा सपाट गोल हवा असेल तर दर फेरीला ६ टाके वाढतात. स्ट्रॉबेरीत आपण मुद्दाम एक फेरी साधी घालतो, त्यामुळे तिथे निमुळतं व्हायलाच हवं, ती चूक नाही. चूक एकाच ठिकाणी होते: फेरीचा पहिला टाका ओळखू येत नाही आणि एखादा टाका दोनदा भरतो किंवा सुटतो. वाढीची फेरी संपली की मोजा, आकडा सहाच्या पटीत नसेल तर तेवढीच फेरी उसवा. पुढच्या फेरीत भरून काढू म्हटलं की तो टाका कायम दिसतो.

लिंबं आणि हिरव्या मिरच्या जाळीतून पडतात. – वाचक, नाशिक

पाच साखळ्यांच्या कमानीतून मिरची निसटणारच. पण सगळीकडे तीन साखळ्या केल्या तर पिशवी नळीसारखी अरुंद होते. म्हणून खालच्या ८ फेऱ्या ३ साखळ्यांच्या, त्यावरच्या ८ फेऱ्या ४ च्या, उरलेल्या ५ च्या करा. एकूण फेऱ्या दोन वाढवा. आकारही जास्त चांगला येतो, तोंडाकडे हळूहळू रुंद होत जातो. खरं तर नेहमीच्या भाजीसाठी आम्ही हाच प्रकार सुचवू. सुटे शेंगदाणे, डाळ यांच्यासाठी ही पिशवी नाही.

दोन किलो कांदे घेतले की पिशवी गुडघ्यापर्यंत येते आणि बंद दोरीसारखे होतात. – वाचक, पुणे

जाळी ताणली जाणारच, म्हणून ती रिकामी असताना २५ सेमीच्या आसपास थांबवायची. लांब हवी म्हणून ३५ सेमी विणली की भरल्यावर जमिनीला टेकते.

बंदांचं कारण वेगळं आहे. बरेच जण ८–१० टाक्यांची पट्टी घेऊन आडव्या ओळींनी लांबी वाढवतात. मग वजन प्रत्येक ओळीला खालच्या ओळीपासून ओढतं आणि शंभर ओळी प्रत्येकी थोड्या लांबल्या की बंद हातभर होतो. वरच्या नमुन्यात ओळी बंदाच्या लांबीने जातात ते यासाठीच. शिवाय शेवटी बंदाच्या दोन्ही कडांना, आतून आणि बाहेरून, स्लिप स्टिचची एकेक फेरी घाला. ही फेरी घट्टच असते, आणि इथे तेच हवं असतं. झालेली पिशवी वापरायला काढण्याआधी दोन किलोचं काही भरून रात्रभर खुंटीला टांगा. जेवढी लांबायची तेवढी लांबते, आणि कुठली टोकं सुटतात तेही कळतं.

लाल रंग पांढऱ्या बियांवर उतरला. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्यावर रंग पक्का होतो का? – वाचक, कोल्हापूर

नाही. सुती दोऱ्याचा रंग रंगवतानाच बसतो, घरच्या मिठा-व्हिनेगरने तो नंतर पक्का होत नाही. विणण्याआधीच परीक्षा घ्या: वीतभर लाल दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. डाग आला तर तो दोरा या कामाला घेऊ नका, किंवा बिया पिवळ्याऐवजी काळ्या भरा. पिशवी थंड पाण्यात, साध्या साबणाने धुवा आणि आडवी पसरून वाळवा. ओली पिशवी बंदांना टांगली की पाण्याचं वजन तिला लांबवतं.

इंग्रजी नमुन्याप्रमाणे केलं तर फळ दुप्पट उंच झालं. – वाचक, बेळगाव

नमुना ब्रिटिश होता आणि तुम्ही तो अमेरिकी वाचलात. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ आणि ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. आपला खांब अमेरिकेत ‘डबल’, ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. आजच्या नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसला तर तो अमेरिकी समजा, आजच्या ब्रिटिश पद्धतीत ते नाव वापरत नाहीत.

कलिंगड किंवा संत्रं करता येईल? – वाचक, नागपूर

येईल, पण दोन्हींत फळ वेगळं होतं. संत्र्यासाठी दोन सपाट गोल, प्रत्येकी १५ फेऱ्या, ९० टाके. त्यातले ६० टाके एकमेकांना जोडा, ३० चं तोंड उघडं ठेवा आणि गोलाचा पाठीमागचा भाग पिशवीच्या काठाला आतून शिवा. कलिंगडाला एकच गोल: लाल २१ फेऱ्या, पांढरी १, हिरव्या २, मिळून २४ फेऱ्या, १४४ टाके. दुमडून वाकड्या कडेला २० सेमीची चेन. दिसायला कलिंगड सगळ्यांत देखणं, पण चेन हाताने शिवताना कड ताणली तर लाटा येतात, म्हणून आधी टाचण्यांनी पूर्ण बसवून घ्या. आणि ते पिशवीला छोट्या साखळीने बांधून ठेवा, सुटं फळ पहिल्याच आठवड्यात कपाटात राहतं.

जाळीच्या मध्येच गुंडी संपली. गाठ मारली तर दिसते, लपवायला जागाच नाही. – वाचक, वसई

म्हणून जाळीत गुंडी संपू द्यायचीच नाही. ५ साखळ्यांच्या एका फेरीला साधारण साडेतीन मीटर दोरा लागतो. त्याहून कमी उरला आहे असं वाटलं तर फेरी सुरू करू नका. अर्धी वापरलेली गुंडी पानं, काठ आणि बंदांना ठेवा, जाळीला भरलेली गुंडी घ्या. तरी वेळ आलीच तर मुक्या खांबावर दोरा बदला आणि दोन्ही टोकं पुढच्या दोन-तीन कमानींच्या साखळ्यांवर धरून त्यांच्यासकट विणा. दहा सेमी तरी आत गेल्याशिवाय कापू नका. गाठ मारलीत तर ती नेमकी कांद्याच्या वजनाने सुटेल.